मॉडेल रॉकेटसाठी घडीचा लाँच पॅड: पाऊण इंची पाइप आणि जुन्या ड्रिलचा चक

दिवाळीत रॉकेट लावायला आपण रिकामी बाटली वापरायचो. बाटली कलंडली की रॉकेट समोरच्यांच्या गॅलरीत, आणि आपण जिन्याखाली. अमेरिकेत मुलांच्या मॉडेल रॉकेटचा छंद सुरू केल्यावर मी तीच चूक चाळिशीत, इंजिनिअरची पदवी खिशात ठेवून पुन्हा केली. लेकीला नवव्या वाढदिवसाला रॉकेटचा सेट मिळाला. सोबतच्या प्लॅस्टिकच्या पॅडचा एक पाय दुसऱ्या महिन्यात मोडला. मग मी तुळशीसाठी आणलेल्या कुंडीत माती दाबून भरली, त्यात सळई खोचली आणि रॉकेट चढवलं. वाऱ्याने सळई जराशी कलली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. रॉकेट शेजाऱ्यांच्या छताच्या पन्हळीत जाऊन बसलं.

तेव्हा सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंडियानाला आले होते. कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचं आयुष्य लेथवर गेलं. कुंडीकडे बघून ते म्हणाले, "जावईबापू, मातीत सळई उभी राहत नसते. चकमध्ये धरा की." पुढचा सगळा पॅड त्या एका वाक्यातून निघाला. एका पाइपात होतो, पाच मिनिटांत सुटा होतो, खुर्चीच्या पिशवीत मावतो. मला बॅटरी सोडून तीस डॉलरच्या आसपास खर्च आला.

आधी एवढं समजून घ्या

दिवाळीच्या रॉकेटला लांब काडी असते, तीच त्याला सरळ ठेवते. मॉडेल रॉकेटला काडी नसते, शेपटीला पंख असतात. पंखांवरून जोरात हवा गेली तरच ते काम करतात. जमिनीवर वेग शून्य, म्हणजे पंखांचा उपयोगही शून्य. ढोबळ हिशेबाने ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग आला की रॉकेट स्वतःला सांभाळतं. तोवर त्याला सळईने धरून ठेवायचं. रॉकेटच्या अंगाला कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉसारखी छोटी नळी चिकटवलेली असते, तिला लाँच लग म्हणतात. ती सळईत ओवायची. पॅडचं खरं काम पहिल्या तीन फुटांचं. सळई तेवढा वेळ हलली नाही, तर बाकी पॅड दिसायला कसाही असो.

## १. पाइप आणण्याआधी मैदान आणि परवानगी

मी आधी पॅड केला आणि मग मैदान शोधत बसलो. तुम्ही उलट करा.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमांप्रमाणे रॉकेटचं वजन १,५०० ग्रॅमच्या आत आणि इंधन १२५ ग्रॅमच्या आत असेल, रॉकेट कागद, लाकूड किंवा सहज फुटणाऱ्या प्लॅस्टिकचं असेल आणि कोणाला, कशाला धोका होणार नसेल, तर त्यांची वेगळी परवानगी लागत नाही. सेटमधली रॉकेटं यात सहज बसतात. म्हणून बरेच जण समजतात की परवानगीचा विषय संपला. तसं नाही. जमीन ज्याची त्याची परवानगी लागतेच, आणि राज्याचे, गावाचे आगीचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्नियात तर मोटरवर (रॉकेटच्या पोटात बसते ती इंधनाची नळी) स्टेट फायर मार्शलची, म्हणजे राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्याची, मोहोर लागते.

मैदान किती मोठं हवं हे मोटरवर ठरतं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या १९५७ साली सुरू झालेल्या संस्थेची सुरक्षा-नियमावली इथे सगळे पाळतात. तिच्याप्रमाणे मैदानाची सगळ्यात अरुंद बाजू ए मोटरला १०० फूट, बीला २००, सीला ४०० आणि डीला ५०० फूट हवी. फुटबॉलचं मैदान (इथल्या भाषेत सॉकरचं) साधारण सव्वादोनशे फूट रुंद असतं. म्हणजे बी चालेल, सी नाही. लांबी बघून लोक फसतात.

ए, बी, सी ही नुसती नावं नाहीत. प्रत्येक अक्षराला मोटरची ताकद दुप्पट होते. मोटरवर 'ए८-३' लिहिलेलं असेल तर ए म्हणजे एकूण ताकदीचा गट, ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटन जोर, आणि ३ म्हणजे इंधन संपल्यावर तीन सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार.

सोबत ठेवायचे कागद फार नाहीत: पार्क विभागाचं किंवा शेतमालकाचं परवानगीचं पत्र किंवा छापलेला ईमेल, मोटरच्या पाकिटावरच्या सूचना, आणि सुरक्षा-नियमावलीची एक प्रत. पार्कात कोणी विचारायला आलं की मी आधी पत्र पुढे करतो, मग रॉकेट दाखवतो. उलट क्रमाने बोलणं लांबतं.

## २. सामान

होम डेपो किंवा लोव्झ, कुठल्याही मोठ्या दुकानात नळकामाच्या, विजेच्या आणि नट-बोल्टच्या रांगांत हे मिळतं.

- पाऊण इंची, शेड्यूल ४० चा पीव्हीसी पाइप, १० फुटांचा एक
- त्याच मापाचे टी (इंग्रजी टी अक्षरासारखे तीन तोंडांचे जोड) ३
- त्याच मापाच्या एंड कॅप (पाइपाचं तोंड बंद करायच्या टोप्या) ७
- पीव्हीसी चिकटवायचं सिमेंट, लहान डबी
- ड्रिलचा चक, ३/८ इंची (पुढे सविस्तर)
- चकच्या आट्यांना बसणारा दीड इंची बोल्ट, एक नट, दोन वॉशर
- १/४ इंची, इंचाला २० आट्यांचे हाताने फिरवायचे स्क्रू २
- १/४ इंची, दोन इंच लांबीचा बोल्ट आणि विंग नट १
- चौकोनी इलेक्ट्रिक बॉक्सचं चार इंची पोलादी झाकण, भोक नसलेलं
- ३ फुटी सळई, १/८ इंच जाडीची, आणि जमल्यास ३/१६ ची
- बागेत कापड दाबायला वापरतात त्या यू आकाराच्या लोखंडी खुंट्या ४

हत्यारं: हॅक्सॉ, ड्रिल, कानस, पॉलिश पेपर, दोन पाने आणि १/४ इंची आटे पाडायचा टॅप. टॅप नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. अमेरिकन गॅरेजमध्ये माणसाला लागणार नाही ते सगळं असतं.

मापं ऐकून गोंधळू नका. आपल्याकडचा सुतार-फिटर ज्याला एक सूत म्हणतो तोच १/८ इंच. ३/१६ म्हणजे दीड सूत, १/४ म्हणजे दोन सूत. हे सासऱ्यांनी सांगितल्यापासून मी दुकानात मनातल्या मनात सुतातच मोजतो.

## ३. कापाकापी

१० फूट म्हणजे १२० इंच. त्यातून असे तुकडे काढा:

- पाय: १२ इंचांचे ४
- आडवा दांडा: १० इंचांचे २
- खांब: १४ इंचांचा १

बेरीज ८२ इंच. करवतीच्या पात्यात जाणारा चुरा धरूनही साडेसदतीस इंचांचा तुकडा उरतो. तो टाकू नका. तीन फुटी सळई त्यात बरोब्बर जाते. एका तोंडाला कॅप चिकटवा, दुसऱ्या तोंडाची नुसती दाबून बसवा, झाली सळईची म्यान. मी पहिल्यांदा हा तुकडा शेजारच्या टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून देऊन टाकला आणि मग सळई गाडीत वाकवून आणली.

कापलेल्या कडांवरचा चुरा कानशीने साफ करा. तो राहिला तर पाइप टीमध्ये अर्धवटच बसतो आणि पाय लहानमोठे होतात.

## ४. चक: या पॅडचा जीव

चक म्हणजे ड्रिल मशीनचं तोंड, ज्यात आपण बिट पकडतो. त्याचे तीन जबडे कुठल्याही जाडीची सळई बरोबर मध्यावर आणि घट्ट धरतात. लाकडात भोक पाडून सळई ठोकली तर भोक कधीच अगदी सरळ पडत नाही, दहा उड्डाणांत सैल होतं, आणि जाड सळई हवी तर दुसरं लाकूड. चकमध्ये एक सूत, दीड सूत, दोन सूत, तिन्ही चालतात.

नवा चक सुटा मिळतो. पण शनिवारी कुठल्याही गॅरेज सेलमध्ये बॅटरी मेलेलं ड्रिल एक-दोन डॉलरला पडलेलं असतं. त्याचा चक काढा. इथे एक गोम आहे. उलटसुलट फिरणाऱ्या ड्रिलमध्ये चकच्या पोटात एक स्क्रू असतो आणि त्याचे आटे डावे असतात. जबडे पूर्ण उघडा, आत डोकावा, स्क्रू दिसला तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून काढा. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर तो आणखी आवळतो आणि शेवटी त्याचं डोकं खराब होतं. स्क्रू निघाला की जबड्यांत मोठी एल आकाराची किल्ली पकडा आणि तिच्या टोकावर हातोडीचा एक ठोका द्या, चक सुटतो. तो मात्र नेहमीसारखा, काट्यांच्या उलट दिशेने.

चकच्या पाठीचे आटे बहुधा ३/८-२४ किंवा १/२-२० असतात (पहिला आकडा इंचात जाडी, दुसरा इंचाला किती आटे). पुष्कळदा तिथे कोरलेलंही असतं. खात्री नसेल तर चक खिशात घालून दुकानात जा आणि बोल्ट तिथेच फिरवून बघा. बारीक आट्यांचा बोल्ट लागतो. रांगेत सहज हाताला येतात ते जाड आट्यांचे (३/८ मध्ये १६ चे). ते दोन फेऱ्यांनंतर अडकतात.

आता जोडणी. एका एंड कॅपच्या मध्यावर बोल्टच्या मापाचं भोक पाडा. बोल्ट आतून बाहेर काढा, आत एक वॉशर, बाहेर एक वॉशर आणि नट. नट पान्याने कचकचून आवळा. मग वर चक फिरवा, नटावर जाऊन टेकेपर्यंत. कॅपचा माथा थोडा गोल असतो, त्यामुळे नट एका बाजूला कलतो. आधी कानशीने माथा सपाट करून घ्या.

हे सगळं झाल्यावरच कॅप खांबावर सिमेंटने चिकटवा. एकदा चिकटली की आतल्या बोल्टपर्यंत पाना पोचणार नाही. हे मी सांगतोय म्हणजे मी काय केलं होतं ते कळलंच असेल.

## ५. बैठक

पॅडचा आकार जमिनीवर आडव्या पडलेल्या इंग्रजी एच अक्षराचा. दोन टी बाजूंना, प्रत्येकात दोन्हीकडून १२ इंची पाय. या टींचं तिसरं तोंड आत वळलेलं, त्यात १० इंची आडवे दांडे. दोन्ही दांडे मधल्या टीला मिळतात आणि मधल्या टीचं तिसरं तोंड आभाळाकडे. त्यात खांब.

सिमेंट फक्त दोन ठिकाणी: आडवे दांडे बाजूच्या टींमध्ये, आणि पायांच्या टोकांच्या चार कॅप. बाकी सगळं नुसतं दाबून बसवायचं, नाहीतर घडी कशाची? सिमेंटचा वास डोक्यात जातो, गॅरेजचं दार उघडं ठेवा.

मधला टी आडव्या दांड्यांवर गोल फिरतो. हीच सोय आहे, कारण त्यामुळे सळई वारा येतो त्या दिशेला कलवता येते. पण फिरणारी गोष्ट उडताना फिरली तर कुंडीचीच गत. म्हणून मधल्या टीच्या दोन्ही आडव्या तोंडांवर ज्या भागात आत पाइप येतो तिथे १३/६४ इंची बिटाने भोक पाडा, टॅपने आटे पाडा आणि हाताने फिरवायचा स्क्रू लावा. स्क्रूचं टोक आतल्या पाइपवर दाबून बसतं आणि टी जागेवर राहतो. हे काम टी सुटा असताना करा, म्हणजे आतला पाइप भोसकला जाणार नाही. आटे प्लॅस्टिकचे आहेत, त्यामुळे स्क्रू हातानेच आवळा.

खांब मधल्या टीतून उपटून येऊ नये म्हणून तिथे दोन्हीतून आरपार १/४ इंची भोक पाडून बोल्ट आणि विंग नट लावा. तुम्ही म्हणाल, रॉकेट वर जाणार, पॅड कशाला वर जाईल? लग काजळीने सळईवर अडकला तर पूर्ण जोराने पेटलेली मोटर हलका पीव्हीसी पॅड उचलू पाहते. त्याच कारणासाठी चारही पायांवरून यू खुंट्या मातीत ठोकायच्या. डांबरी जागेवर खुंट्या चालत नाहीत, तिथे पायांवर वाळूच्या पिशव्या.

## ६. ज्वाळेखालची ताटली

मोटरमधून निघणारी ज्वाळा खाली पीव्हीसीवर किंवा गवतावर जाऊ नये म्हणून चकच्या वर एक पोलादी ताटली हवी. त्यासाठीच ते इलेक्ट्रिक बॉक्सचं झाकण. मध्ये १/४ इंची भोक पाडा आणि सळईतून ओवून चकवर टेकवा. बस. डबलरोटीच्या पॅनसारखी पातळ अ‍ॅल्युमिनियमची ताटली वापरू नका, तिला भोक पडतं. डी मोटर वापरणार असाल तर ताटली मोठी घ्या, सहा इंच तरी.

रॉकेट ताटलीवर टेकवायचं नाही. मध्ये दोन-तीन इंच जागा हवी. त्यासाठी सळईवर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावा आणि रॉकेट त्यावर टेकवा. याहून स्वस्त आणि चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

## ७. सळई

साध्या लोखंडी सळया सहज वाकतात, अ‍ॅल्युमिनियमच्या तर छडीसारख्या लवलवतात. स्टेनलेस घ्या, किंवा हॉबीच्या दुकानात पियानो वायर नावाने मिळते ती. ए, बी, सी मोटरच्या हलक्या रॉकेटांना एक सूत, डी आणि त्यापुढे दीड सूत. जड रॉकेट बारीक सळईवर चढवलं तर ते सुटताना सळईला चाबकासारखा झटका देतं आणि स्वतः भलतीकडे जातं. लगचं मापही सळईशी जुळायला हवं. दोन तुकड्यांची, मध्ये जोड असलेली सळई घेतलीत तर जोडावरून बोट फिरवून बघा. नखाला लागलं तर लगलाही लागणार. तिथे पॉलिश पेपर मारा.

आता या अख्ख्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या पॅडवर सळईचं टोक जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर येतं. म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या आसपास, आणि इग्नायटर (मोटर पेटवणारी बारीक तार) जोडायला वाकलेल्या मोठ्या माणसाच्याही. बारीक सळई समोरून दिसत नाही. जुन्या टेनिस बॉलला चीर पाडा आणि तो टोकावर खोचून ठेवा, उडवायच्या क्षणापर्यंत. पुढच्या भागात येणारी चावी याच बॉलला दोरीने बांधा. बॉल सळईवर असला की चावी तिथेच, पॅडजवळ. मग बटणापाशी बसलेलं पोर कितीही उतावीळ असो, त्याला काही करता येत नाही.

## ८. पेटवायची पेटी

मॉडेल रॉकेट काडीने कधीच पेटवायचं नाही. विजेनेच, लांबून. सेटबरोबर आलेली पेटी धड असेल तर तीच वापरा आणि हा भाग सोडून पुढे जा.

स्वतः करणार असाल तर क्रम असा: १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी (७ अँपिअर-अवरची पुरते), तिच्या लगेच पुढे १५ अँपिअरचा फ्यूज, मग चावीचा स्विच, मग दाबलं तरच चालणारं आणि सोडलं की आपोआप बंद होणारं बटण, मग दोन पदरी वायर आणि टोकाला दोन क्लिपा. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण यांना क्रोकोडाइल क्लिप म्हणायचो, इथे अ‍ॅलिगेटर म्हणतात. प्राणी बदलला, दात तेच.

बटणाच्या दोन टोकांना जोडून एक लाल एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. चावी फिरवल्यावर इग्नायटर नीट जोडलेला असेल तर एलईडी लागतो. त्यातून साधारण १० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जातो, इग्नायटर त्याने पेटत नाही. एलईडीच्या जागी गाडीचा छोटा बल्ब लावायचा मोह टाळा. काही नाजूक इग्नायटर नुसत्या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहानेही पेटतात, म्हणजे तुम्ही तपासायला गेलात आणि रॉकेट गेलं.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नका. व्होल्टचा आकडा बरा दिसतो, पण इग्नायटर तापवायला लागणारा प्रवाह तिच्यातून निघत नाही.

वायर १८ गेजची, ३० फूट. डी किंवा लहान मोटरला १५ फूट लांब उभं राहायचं, त्याहून मोठीला ३० फूट. एकदाच ३० फुटांची केली की प्रश्न मिटला.

## ९. मैदानावर, याच क्रमाने

पॅडच्या आसपास वाळलेलं गवत नको. इंडियानात ऑक्टोबरमध्ये मका कापून झाल्यावर शेतं रिकामी, मोठी आणि मोहक दिसतात, पण खाली सगळा वाळका पाचोळा असतो. तिथे तर नकोच. आणि जुलैत मका माणसाहून उंच असतो, त्यात पडलेलं रॉकेट कापणीपर्यंत तुमचं नाही. आमची तीन आहेत तिथे. हिरव्या गवतावरही पाण्याची बादली किंवा फवारणीचा पंप जवळ हवाच.

वारा ताशी २० मैलांवर असेल तर घरी जा. कमी असेल तर सळई वारा येतो त्या दिशेला थोडी कलवा, पाच-सात अंश, म्हणजे पॅराशूट उघडल्यावर वारा रॉकेट परत तुमच्याकडे आणतो. उभ्या रेषेपासून ३० अंशांपलीकडे कधीच नाही, आणि माणसांच्या दिशेला एक अंशही नाही.

मग खुंट्या. मग स्क्रू आवळा. खांब हाताने हलवून बघा. बॉल काढा, रॉकेट ओवा, ते सळईवर वरखाली सहज सरकतं ना ते बघा, आणि बॉल पुन्हा वर. आता क्लिपा. इग्नायटरच्या दोन तारांना दोन क्लिपा लावा आणि त्या एकमेकींना, सळईला किंवा ताटलीला लागत नाहीत ना हे खाली वाकून बघा. ताटली पोलादाची आहे, वीज इग्नायटरमधून जायच्याऐवजी तिच्यातून निघून जाते. न पेटलेल्या रॉकेटांमध्ये सगळ्यात जास्त वेळा मला हेच कारण सापडलं आहे, आणि एलईडी अशा वेळी हसत हसत लागलेला असतो.

सगळे मागे गेले की बॉल काढा, चावी घेऊन चालत पेटीपाशी या, चावी फिरवा, आभाळाकडे बघा (विमान, पक्षी, पतंग), आणि मोठ्याने पाचपासून उलटे आकडे. आमच्याकडे हे मराठीत होतं. मैदानावरच्या इतर पोरांनाही आता "पाच, चार, तीन" पाठ झालंय.

## १०. पेटलं नाही तर

चावी काढा. पूर्ण ६० सेकंद थांबा. कोणीही पुढे जायचं नाही, "नुसतं बघून येतो" म्हणणारे काका तर नाहीच. मिनिटाने जाऊन आधी बॉल लावा, मग शोधा: क्लिपा कुठे टेकल्या का, त्यांच्या दातांवर काजळी साचली का (पॉलिश पेपरने घासा), इग्नायटरचं टोक मोटरच्या आत इंधनाला टेकलंय का. इग्नायटर जळाला पण मोटर पेटली नाही, तर टोक टेकलं नव्हतं. नवा घाला, आतपर्यंत ढकला, प्लॅस्टिकची बूच दाबून बसवा.

## ११. भारतातल्या मंडळींसाठी

भाच्या-पुतण्यांसाठी मोटर बॅगेतून आणू नका. अमेरिकेत विमानात त्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि सामानातही नाहीत. भारतातही हा स्फोटकांच्या कायद्याचा विषय आहे. रॉकेटचा कागदी सांगाडा, पॅराशूट आणलं तर हरकत नाही. फटाक्यांची दारू काढून घरी मोटर भरायचा उद्योग तर कोणीही, कुठेही करू नये. त्यात बोटं आणि डोळे गेलेली माणसं आहेत. नियमावलीचा पायाच कारखान्यात बनलेल्या, तपासलेल्या मोटरचा आहे. नेब्रास्कातल्या ऑरविल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने १९५४ मध्ये पहिलं मॉडेल रॉकेट केलं ते मुलांना दारू हाताळावी लागू नये म्हणूनच उपयोगी ठरलं. पोरांना हौस असेल तर सोड्याची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप घेऊन पाण्याचं रॉकेट करा. त्याला पॅड वेगळा लागतो, पण एच आकाराची ही बैठक तशीच चालते.

## १२. आवराआवर

मोटर जळल्यावर सळईवर काळा चिकट थर बसतो. दर चार-पाच उड्डाणांनी भांडी घासायच्या तारेच्या घासणीने सळई घासा, कोरडी पुसा. घरी आल्यावर चकच्या जबड्यांत तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर पुढच्या वेळी ते उघडणार नाहीत. ओली ताटली पिशवीत टाकू नका.

पाय उपटा, खांब काढा, सगळं कॅम्पिंगच्या घडीच्या खुर्चीच्या पिशवीत घाला. सळईची म्यान दोन-तीन इंच बाहेर राहते. खुंट्या मोजून चार परत आल्या का ते बघा, गवतात राहिलेली खुंटी पार्कवाल्यांच्या गवत कापायच्या यंत्राला सापडते, आणि मग पुढच्या वर्षीच्या परवानगीच्या पत्राचं तुम्हालाच निस्तरावं लागतं.